२८ फुटांची गाडी, २१ फुटांचा घाट

सिएटलजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २०२४ च्या जुलैअखेरीस माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं ठरवलं. माणसं सहा. नवरा-बायको दोघंही आयटीतली, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची, आणि उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा. आजोबा एसटीत चालक होते. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट त्यांच्या हाताखालून गेलेले. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावावं लागतं, बाकी प्रकृती ठणठणीत. आजींचं उलटं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं त्या पुढे ढकलतायत, आणि तासा-दीड तासाने बाथरूम लागतंच.

आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घ्यायचं ठरलं ते आजींच्या या शेवटच्या गरजेपायी. सुनेचं म्हणणं सरळ होतं: हायवेवरचे रेस्ट एरिया शोधत जाण्यापेक्षा बाथरूमच बरोबर नेऊ. सहा जण झोपतील अशी क्लास सी मोटरहोम भाड्याने ठरली, म्हणजे पुढे व्हॅनची केबिन, तिच्या डोक्यावर एक पलंग आणि मागे घर. लांबी २८ फूट. पार्कात पश्चिमेला फिश क्रीक कॅम्पग्राउंडवर दोन रात्री आणि पूर्वेला सेंट मेरीला दोन रात्री, असं बुकिंगही जानेवारीतच मिळालं. फिश क्रीकच्या १७८ जागांपैकी ३५ फुटांपर्यंतची गाडी मावेल अशा जागा अवघ्या १८ आहेत, त्यामुळे ही लॉटरीच म्हणायची. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ते पार्क ओलांडणाऱ्या गोइंग-टू-द-सन रोड या घाटरस्त्याने, माथ्यावरच्या लोगन पास खिंडीत थांबत, चहा करून पीत.

मी इथल्या मराठी ट्रेकर मंडळींतला. आराखडे तपासायला लोक माझ्याकडे पाठवतात. हा मे महिन्यात आला, आणि त्यातली तिसऱ्या दिवसाची, म्हणजे या घाटाची, ओळ चालणारी नव्हती. कुटुंबाच्या संमतीने, नावं न घेता, हे प्रकरण इथे सविस्तर मांडतोय, कारण हाच आराखडा थोड्याफार फरकाने दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी करतंच.

आजोबांचा सवाल

गोइंग-टू-द-सन रोड सुमारे ८० किलोमीटरचा. बांधकाम १९३२ मध्ये पुरं झालं, उद्घाटन १९३३ मध्ये. लोगन पासची उंची ६,६४६ फूट, म्हणजे २,०२६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे चार तास घाम गाळून जी उंची गाठतो, तिच्या कितीतरी वर इथे पार्किंग आहे. (ट्रेकरला हे जरा टोचतं, पण असो.)

या रस्त्याचा नियम असा: पश्चिमेच्या अ‍ॅव्हलांच क्रीकपासून पूर्वेच्या रायझिंग सनजवळच्या टप्प्यापर्यंत २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही. लांबीत बंपर धरायचे. रुंदीत आरसे धरायचे. जिला मागे काही जोडलंय, त्या गाडीची मोजणी दोन्ही मिळून. शिवाय १० फुटांपेक्षा उंच गाडीला लोगन पासवरून पश्चिमेला उतरताना त्रास होऊ शकतो, कारण त्या बाजूला कातळ रस्त्यावर ओणवा झालाय. आपल्या मंडळींची गाडी २८ फूट लांब आणि ११ फुटांच्या वर उंच. भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माणसाने बुकिंग घेताना 'ग्लेशियरला सगळे नेतात' एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नाही. सगळे नेतात, पण घाटाच्या पायथ्यापर्यंत.

फोनवर आजोबांनी पहिला सवाल टाकला. "अहो, आमची एसटी याहून लांब. रोज आंबेनळी उतरते. पावसात, धुक्यात, समोरून ट्रक आला तरी. मग हीच गाडी का नाही जाणार?"

सवाल रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'नियम आहे' असं देऊन भागत नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून नकाशा आणि फोटो समोर ठेवले. वळणावर लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आत कापतात. मागच्या चाकांच्या पाठीमागे जो भाग लोंबत असतो, तो त्याच वेळी बाहेर फिरतो. एसटीचा चालक हे दोन्ही अंगाने ओळखतो. समोरचाही त्या घाटाचा सराईत असतो. हॉर्न ऐकला की कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक असतं. गोइंग-टू-द-सनवर मात्र दोन्ही बाजूंनी येणारे सगळे पाहुणे, निम्म्यांचे डोळे दरीकडे, आणि त्यांतले कित्येक आयुष्यात पहिल्यांदा घाट चालवणारे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. कठडाही ऐतिहासिक, हा रस्ताच राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदवलेला आहे, त्यामुळे तो रुंद करायचा विषय निघत नाही.

आजोबांनी मग स्वतःच एक गोष्ट हेरली. "पण वळण तर एकच दिसतंय." बरोबर. रस्ता आखताना आधीच्या योजनेत १५ उलटसुलट वळणं होती. ती टाकून डोंगराच्या कुशीतून लांबवर चढत जाणारी दुसरी आखणी निवडली गेली, ज्यात खरं यू-वळण एकच उरलं. त्याला 'द लूप' म्हणतात. चढही सहा टक्क्यांच्या आत ठेवलाय. आखणी करणाऱ्याला आजोबांनी फोनवरूनच शाबासकी दिली आणि आरव्हीने जाण्याचा हट्ट सोडला. म्हणाले, "वळण एक असलं तरी कठडा सोळा किलोमीटर सोबत आहे. नको."

चार वाटा

पुढे प्रश्न उरला की सहा माणसं वर न्यायची कशी.

पहिली वाट: मोठी गाडी सोडून १९-२० फुटी कॅम्पर व्हॅन. त्यात सहा जण झोपत नाहीत, आणि २१ फुटांत बसणारी प्रत्येक गाडी आरशांसकट ८ फुटांत बसेलच असं नाही. बाद.

दुसरी: आरव्ही खाली ठेवून पार्कची त्या वर्षीची मोफत शटल. तरुण जोडप्याला मी तेव्हा हीच सुचवायचो. इथे आड आल्या आजी. पश्चिमेच्या पायथ्याच्या अ‍ॅपगारहून निघायचं, वाटेत अ‍ॅव्हलांचला लहान बसमध्ये बदलायचं, वर पोचायला दीड-दोन तास. आणि खरी परीक्षा परतताना. दुपारी लोगन पासला शटलची रांग लागायची आणि तुमचा नंबर लागायला किती वेळ जाईल, हे कुणी सांगू शकत नसे. ज्यांना तासाभराने बाथरूम लागतं त्यांना अशा रांगेत उभं करणं मला पटलं नाही.

तिसरी: रेड बस. १९३० च्या दशकात व्हाइट मोटर कंपनीने बांधलेल्या, छताचं कापड गुंडाळून उघडं करता येणाऱ्या ३३ लाल गाड्या आजही या रस्त्यावर पर्यटक नेतात. चालकांना 'जॅमर' म्हणतात, कारण जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर अडकवताना होणारा आवाज. हे ऐकून आजोबा खुलले. डबल क्लच मारत त्यांनी निम्मी नोकरी काढलेली. पण बसने थांबे तिचे, वेळ तिची. ट्रेक होत नाही.

चौथी: पार्काजवळच्या कॅलिस्पेल शहरातून दोन दिवसांसाठी मिनीव्हॅन भाड्याने. लांबी साधारण १७ फूट, सात जागा. खर्च वाढतो, आणि आजोबांच्या मुलाने तो आकडा पाहून नाक मुरडलंच. "मग आरव्ही कशाला घेतली?" असं तो म्हणाला. याचं उत्तर पुढे हिशेबात येईल.

ठरलं ते असं. सेंट मेरीचं बुकिंग रद्द. आरव्हीने पूर्वेला जायचं तर पार्काला दक्षिणेकडून वळसा घालून, यूएस २ ने मारियस पास ओलांडून, ब्राउनिंगमार्गे यूएस ८९ ने जावं लागतं. हे अंतर सरळ घाटाच्या जवळपास दुप्पट. (नकाशा ईस्ट ग्लेशियरहून हायवे ४९ चा जवळचा फाटा दाखवतो, लांब गाडी असेल तर त्या वाटेला जाऊ नये, ती अरुंद आणि वळणांची आहे.) दोन रात्रींसाठी अख्खं बिऱ्हाड हलवून एक दिवस रस्त्यात घालवायचा, यापेक्षा चारही रात्री पश्चिमेलाच काढाव्यात. रद्द झालेल्या बुकिंगवर डोळा ठेवून अ‍ॅपगारला कॅम्पग्राउंडवर पुढच्या दोन रात्री मिळाल्या. फिश क्रीकपासून ते अगदी हाकेच्या अंतरावर. मिनीव्हॅन दोन दिवस, आणि शेवटच्या दिवशी फक्त आजी-आजोबांसाठी रेड बस.

त्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून सकाळी ६ ते दुपारी ३ या वेळेत या रस्त्यावर शिरायला गाडीचं आगाऊ आरक्षण लागत होतं. त्याआधी शिरलात तर नाही. हा नियम जवळपास दर वर्षी बदलतो, तेव्हा जाण्याआधी पार्कचं अधिकृत पान बघावंच. आणखी एक बदल आई-वडिलांना भारतातून बोलावणाऱ्यांनी लक्षात घ्यावा. २०२६ पासून ग्लेशियरसह ११ राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यांना, वार्षिक पास नसेल तर, माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. या कुटुंबाला तो फटका बसला नाही. आज तेच आजी-आजोबा पासाविना आले, तर दोघांचे मिळून दोनशे.

भिंतीतले प्लग

आरव्हीबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज घाटाचा नाही, विजेचा आहे.

ग्लेशियरच्या एकाही कॅम्पग्राउंडवर हुकअप नाही. म्हणजे जागेवर वीज, पाणी, ड्रेनेज यांपैकी काही जोडून मिळत नाही. झाडं, टेबल, शेगडीचं लोखंडी कडं, बस. भाड्याच्या बहुतेक आरव्हीत भिंतीतले नेहमीचे प्लग बाहेरची वीज जोडली असेल किंवा जनरेटर चालू असेल तरच चालतात. एरवी ते शोभेचे. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा एवढं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. फ्रिज गॅसवर. जनरेटर चालवायला ठरावीक तास असतात, काही भागांत तर मुळीच परवानगी नसते, आणि रात्री तर नाहीच.

आता यात आजोबांचं सीपॅप घाला. या गाडीत एकच बॅटरी होती, साधारण १०० अँपिअर-अवरची, लेड-अ‍ॅसिड. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नसते, म्हणजे हाताशी ५०. माँटानात जुलैतही रात्री बोचरी थंडी असते, हीटर लागतोच. त्याचा पंखा चालू असताना सातेक अँपिअर खातो. रात्रीच्या आठ तासांत निम्मा वेळ चालला तरी २८ गेले. सीपॅपचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओली करणारा तापता भाग, चालू ठेवला तर तासाला ४-५ अँपिअर सहज, आठ तासांचे ३२ ते ४०. बेरीज करा: पहाटे तीन-चारला गाडी अंधारात, हीटर बंद, आजोबा गुदमरून जागे.

उपाय साधा होता, पण घरून निघण्यापूर्वी करायचा. मशीनच्या कंपनीचा १२ व्होल्टचा थेट अ‍ॅडाप्टर मागवला आणि ह्युमिडिफायर बंद ठेवून तीन रात्री घरीच झोपून पाहिलं. घसा थोडा कोरडा पडतो, पण चालतं. असं केल्यावर खप निम्म्यावर येतो. वर एक स्वतंत्र पोर्टेबल बॅटरी घेतली, दिवसा मिनीव्हॅनमध्ये चार्ज करायची. डॉक्टरांना आधी विचारलं होतं. हे सेटिंग आपल्या मनाने बदलू नये.

स्वयंपाकात याचा परिणाम गमतीचा झाला. आजींनी सूटकेसमध्ये छोटा मिक्सर आणला होता. चटणी वाटायची तर जनरेटरच्या वेळेत. मग आठ वाजता जनरेटर सुरू झाला रे झाला की आधी खोबऱ्याची चटणी, मग सगळ्यांचे फोन, असा क्रम लागला. पहिल्या दिवशी पोह्यांची फोडणी पडली आणि डोक्यावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारच्या तंबूतले लोक बाहेर आले. आरव्हीत छप्पर हातभर अंतरावर, मोहरी-मिरचीचा धूर जाणार कुठे? दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेरच्या टेबलावर, छोट्या स्टोव्हवर.

बाहेर शिजवायचं म्हटल्यावर अस्वलांचा नियम येतो. ग्लेशियरमध्ये काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझलीही. वापरात नसलेलं अन्न, भांडी, कूलर, कचरा, सगळं बंद गाडीच्या आत हवं. आरव्ही त्याला चालते, तंबू चालत नाही. फोडणीची कढई आजींनी सवयीने 'निथळू दे जरा' म्हणून टेबलावर पालथी ठेवली. तासाभरात कॅम्प होस्ट बाई आल्या, कढईकडे बोट दाखवून हसत म्हणाल्या, ही आत. आजींना आधी वाटलं, तेलकट दिसते म्हणून नाव ठेवतायत. नातीने खुलासा केल्यावर मात्र मसाल्याच्या डब्यापासून साबणापर्यंत सगळं आत नेण्याची जबाबदारी आजींनीच घेतली, आणि पुढचे दिवस बाकीच्यांच्या मागे लागून पाळली.

पाण्याचा हिशेब सोपा. टाकी दीडशे लिटरच्या आसपास, माणसं सहा. अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ सुरू. भांड्यांवरचं तेल आणि हळद आधी कागदाने पुसून काढायची, कारण स्वच्छ पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकी भरते. तिसऱ्या दिवशी जागा बदलताना डंप स्टेशनवर टाक्या रिकाम्या केल्या. संडासाची आधी, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम बाप-लेकाने हातमोजे घालून केलं. नातवाने नाक दाबून व्हिडिओ काढला, तो नंतर साताऱ्यातही पोचला.

कंडक्टर

भाड्याच्या करारात आजोबांचं नाव चालक म्हणून नव्हतं. त्यामुळे त्यांनी दुसरं पद घेतलं. सिएटलहून स्नोक्वाल्मी, फोर्थ ऑफ जुलाय, लुकआउट हे तीन घाट आय-९० वरच लागतात. मुलाला २८ फुटी गाडीची सवय नाही. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबून धरलेला पाहून आजोबांनी एकच वाक्य सांगितलं: "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर." ऑटोमॅटिक गाडीत याचं भाषांतर म्हणजे टो-हॉलचं बटण दाबायचं आणि इंजिनलाच वेग धरू द्यायचा. ब्रेक तापले की वास येतो. तो यायच्या आत शिकणं बरं.

फिश क्रीकला जागेत गाडी मागे घेताना ते खाली उतरले. झाडं दोन्हीकडे अगदी लागून. मागच्या कोपऱ्याशी, आरशात दिसतील असे उभे राहून, "येऊ द्या, येऊ द्या, उजवं मारा... बास." आणि पत्र्यावर दोन थापा. डबल बेल. पहिल्या फटक्यात गाडी जागेवर. शेजारच्या ३० फुटी ट्रेलरवाल्याने हे पाहिलं आणि त्यानेही आजोबांना बोलावलं. भाषा कळत नव्हती, थापा कळल्या.

आरव्ही चालवणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: मागे घेताना एक माणूस खाली हवाच, आणि तो आरशात दिसत नसेल तर गाडी थांबवायची. कॅमेऱ्यावर विसंबू नये. कॅमेरा जमीन दाखवतो, फांदी दाखवत नाही. भाड्याच्या आरव्हीचे छपराचे कोपरे अशाच फांद्यांनी फाटतात आणि डिपॉझिट तिथेच जातं.

पायांचा वाटा

मिनीव्हॅनचा पहिला दिवस सोपा ठेवला. अ‍ॅव्हलांचजवळ ट्रेल ऑफ द सीडर्स ही फळ्यांची, सपाट, व्हीलचेअरही जाईल अशी छोटी फेरी आहे. आजींनी ती काठी टेकत पूर्ण केली, मध्ये बाकावर बसत, आणि त्या प्रचंड वृक्षांना हात लावून पाहिला. बाकीचे तिथूनच निघणाऱ्या अ‍ॅव्हलांच लेकच्या वाटेने गेले. एकूण जाऊन-येऊन साडेसात किलोमीटर, चढ पाचशे फुटांचा. आजोबांसाठी ही फिरायला जाण्यासारखी गोष्ट. जंगल दाट आहे, वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून आवाज करत चालायचं असतं, म्हणजे अस्वलाला आपली चाहूल आधीच लागते. टाळ्या, हाका, काहीही चालतं. नातवाने "गणपती बाप्पा" म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी "मोरया". समोरून येणाऱ्या एका गटाने विचारलं की याचा अर्थ काय. सुनेने सांगितलं, "वाट मोकळी करा." तसं म्हटलं तर चुकीचंही नाही.

दोघांच्या कमरेला अस्वलाचा स्प्रे होता. विमानाने येणाऱ्यांना तो आणता येत नाही, इथे पार्काजवळ भाड्याने मिळतो. बॅगेत तळाशी ठेवलेला स्प्रे घरी ठेवल्यासारखाच. हात जाईल तिथे हवा, आणि तो काढायचा सराव मुलांसमोर एकदा करून दाखवावा.

दुसरा दिवस लोगन पासचा. पावणेपाचला निघाले. सहाच्या सुमारास वर पोचले तेव्हा पार्किंगमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या जागा होत्या. आरव्हीचा खरा फायदा इथे कळला, कारण आजी रात्री आपल्या पलंगावर, आपल्या बाथरूमशेजारी झोपून उठल्या होत्या. हॉटेलातून याहून आधी निघायचं असतं तर त्या आल्याच नसत्या. वर स्वच्छतागृह आहे, खायला मात्र काही मिळत नाही. थालीपीठं आणि दही बरोबर होतं.

खडाजंगी झाली ती हायलाइन ट्रेलवरून. लोगन पासपासून द लूपपर्यंत १९ किलोमीटर, बहुतेक वाट डोंगराच्या कुशीतून, बऱ्यापैकी सपाट. सुरुवातीलाच कातळात कोरलेल्या अरुंद कड्यावरून जावं लागतं, धरायला भिंतीत केबल लावलेली आहे. आजोबांना हे पूर्ण करायचं होतं. मी आधीच विरोध केला होता, आणि कारण वय नव्हतं. ग्रॅनाइट पार्क शॅले या वाटेवरच्या निवासानंतर शेवटचे सहा-साडेसहा किलोमीटर सरळ उतार आहे, दोन हजार फुटांपेक्षा जास्त. २००३ च्या वणव्यात तिथलं जंगल जळालं, त्यामुळे दुपारी सावली नाही. गुडघा तिथे बोलू लागला तर मागे फिरायला चढ आणि पुढे जायला उतार, मधून बाहेर पडायची वाटच नाही. सह्याद्रीत एखाद्या वाडीत विसावा मिळतो, चहा मिळतो, जीपही मिळते. इथे तसं नाही.

तोडगा सुनेने काढला. हायलाइन पूर्ण करणार ती आणि नातू. कॉलेजात असताना तिने हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला आहे, घरातली सर्वांत पक्की ट्रेकर तीच. फक्त आजवर आराखड्यात तिचं नाव डब्यांसमोर यायचं, वाटेसमोर नाही. आजोबा आणि मुलगा केबलचा कडा पार करून, थोडं पुढे जाऊन परत येणार. मग उरलेले सगळे हिडन लेक ओव्हरलुकला, जितकं जमेल तितकं. संध्याकाळी मिनीव्हॅन घाट उतरताना द लूपला दोघांना घेणार, म्हणजे शटलच्या रांगेचा प्रश्न नाही.

तसंच झालं. आजोबांनी कडा पार केला, केबल एका हाताने धरून, आणि खालून जाणाऱ्या गाड्या पाहत बराच वेळ उभे राहिले. हिडन लेकच्या वाटेवर जुलैअखेरीसही बर्फाचे पट्टे होते. नातीला बर्फ हवा होता, तो मिळाला. आजी लाकडी पायवाटेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आल्या आणि तिथे त्यांच्यासमोर दहा-बारा पावलांवरून एक पांढरी डोंगरी बकरी पिल्लासह गेली. तिच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा नियम बकरीला कोण सांगणार? आजी मागे सरल्या. इथल्या बकऱ्या मिठाच्या ओढीने माणसांजवळ येतात, अगदी घामासाठीही. नातीला प्रश्न पडला तो वेगळाच: "ग्लेशियर कुठंय?" पार्काच्या नावातलं ग्लेशियर रस्त्यावरून दिसणं दुर्मीळ झालंय. १९६६ मध्ये नावाच्या ३५ हिमनद्या मोजण्याजोग्या होत्या, २०१५ मध्ये २६ उरल्या. जॅक्सन ग्लेशियर घाटाच्या पूर्वेच्या बाजूला एका थांब्यावरून दिसतो. तिथे तिला नेलं. ती म्हणाली, "एवढाच?"

सून आणि नातू पाचच्या सुमारास द लूपला उतरले. नातवाच्या टाचेला फोड, सुनेचा चेहरा उन्हाने लाल. पुढचा अर्धा तास मिनीव्हॅनमध्ये फक्त तीच बोलत होती.

रेड बसचा दिवस थोडक्यात: आजोबा चालकाशेजारी बसले, आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक निघाला. जुनी कवचं साधारण २००० ते २००२ दरम्यान फोर्डच्या नव्या चॅसीवर बसवलीत, हे त्यांना तिथे कळलं. घाट आवडला, गाडी नाही.

हिशेब

आता मुलाच्या प्रश्नाकडे: मिनीव्हॅन घ्यायचीच होती तर आरव्ही कशाला?

सिएटल ते वेस्ट ग्लेशियर एका बाजूने सुमारे ५५० मैल. ही गाडी गॅलनला ९ मैलांच्या आसपास देते. जाऊन-येऊन सव्वाशे गॅलन पेट्रोल, गॅलनला चार डॉलर धरले तर पाचशे डॉलर. त्यावर आरव्हीचं रोजचं भाडं, मैलांचा दर, जनरेटरच्या तासांचा दर, शिवाय मिनीव्हॅन. घरून मिनीव्हॅनने जाऊन पार्काबाहेर राहायला केबिन घेतली असती, तर सगळं मिळून यापेक्षा नक्कीच कमी पडलं असतं. फक्त जोडपं आणि दोन मुलं असती तर मी आरव्हीची शिफारस केली नसती. चढायला आलेल्या माणसाला इतकं मोठं घर ओझंच होतं.

या कुटुंबात मात्र गणित वेगळं बसलं. आजींना ८८० किलोमीटरच्या प्रवासात एकदाही 'थांबव रे' म्हणावं लागलं नाही. दुपारी बाकीचे डोंगरात असताना त्या पडदे ओढून झोपू शकल्या. केबिन पार्काच्या बाहेर असती, तर पावणेपाचला निघणं साडेतीनवर गेलं असतं. म्हणून माझं मत: आरव्ही घेतली हे बरोबर, ती घाटाखाली उभी ठेवली हे त्याहून बरोबर. मुलाचं मत अजूनही केबिनकडे झुकतं. आजींनी यावर एका वाक्यात निकाल दिलाय की केबिनमध्ये त्या येणार नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यासाठी माउंट रेनियरचं नाव निघालंय. तिथल्या कूगर रॉक कॅम्पग्राउंडवरही हुकअप नाही, त्यामुळे सीपॅपची जादा बॅटरी कपाटात जपून ठेवलीय. गाडी या वेळी २५ फुटांच्या आतली हवी, असं आजोबांनी साताऱ्याहून कळवलंय; आणि बुक करण्याआधी कंपनीकडून बंपर, शिडी आणि आरशांसकट मोजमाप लेखी मागवायला सांगितलंय.